झाडावरची नोटीस वाचणारी माणसं हवी आहेत

प्रश्न असा आहे: "मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहते. नोकरी आहे, दोन मुलं आहेत, घरी सासूबाई आजारी असतात. आमच्याकडे पुनर्विकासाचं वारं आहे. जुन्या इमारती पाडून टॉवर येतायत, मोठी झाडं जातायत, धूळ आहे. रात्री कांजूरच्या कचऱ्याचा वास आला की खिडक्या बंद कराव्या लागतात. हवामान बदलाबद्दल वाचलं की जीव घाबरतो. पण हे काम म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या, रिकामा वेळ असलेल्या लोकांचं असं वाटतं. एकदा वृक्षारोपणाला गेले, मन भरलं नाही. माझ्यासारखीने कुठून सुरुवात करावी? आणि एकटीने काही होतं का?"

ताई, मी पूर्व उपनगरांत रहिवाशांबरोबर हेच काम बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. तुम्ही वास, धूळ, झाडं हे एका ओळीत आणि हवामान बदल दुसऱ्या ओळीत लिहिलंत. माझ्या दृष्टीने तो एकच विषय आहे. तुमच्या खिडकीत येणारा वास कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याचा आहे. मिथेनला स्वतःला वास नसतो, पण ज्या कुजण्यातून हा वास येतो त्याच कुजण्यातून मिथेनही सुटतो, आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. मुंबईतून रोज निघणाऱ्या सहा हजार टनांहून अधिक कचऱ्यातला फार मोठा वाटा कांजूरच्या कचराभूमीत जातो. तिथे वायू गोळा करण्याची व्यवस्था आहे, तरीही वास तुमच्यापर्यंत पोचतो हे तुम्हीच सांगताय. म्हणजे शहराच्या हवामान-प्रश्नाचा एक भाग तुमच्या खिडकीबाहेर आहे आणि त्याची सर्वांत जास्त माहिती तुमच्यासारख्यांनाच आहे. तज्ज्ञ बाहेरून यायचे आहेत, ही समजूत आधी मनातून काढा.

महापालिकेने मार्च 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे उष्णता धरणारे वायू जेवढे सुटतील तेवढेच शोषले जावेत, हे त्यातलं उद्दिष्ट. 2019 सालचं शहराचं उत्सर्जन त्यात 2 कोटी 34 लाख टनांच्या आसपास धरलं आहे. त्यातला सुमारे 72 टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः इमारतींत वापरल्या जाणाऱ्या विजेचा. वाहतुकीचा 20 टक्के आणि कचऱ्याचा 8 टक्के. हे आकडे लक्षात ठेवा, कारण बैठकीत कोणीतरी नक्की म्हणतं, "आपण सगळ्यांनी एकेक झाड लावूया." झाड लावावं, पण शहराचा प्रश्न वीज, बस, कचरा आणि पाणी ह्यांचा आहे, आणि त्याचे निर्णय ठरावीक टेबलांवर, ठरावीक तारखांना होतात. आपलं काम त्या तारखेच्या आधी तिथे पोचायचं. वृक्षारोपणाने तुमचं मन भरलं नाही ते मला योग्यच वाटतं. पावसाळ्यात रोप लावायला शंभर हात असतात, पण एप्रिलमध्ये पाणी घालायला कोण, हे ठरलेलं नसेल तर ते रोप जगत नाही.

उशीर झाला की काय होतं ते गोरेगावच्या आरेच्या हिरव्या पट्ट्यात आपण पाहिलं. 2019 मध्ये मेट्रो तीनच्या कारशेडविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबरला फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. लोक रस्त्यावर आले, 29 जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला जैसे थेचा आदेश दिला, तोही एका कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन. तोवर 2,141 झाडं पडली होती. त्या लोकांचं धैर्य मोठं होतं आणि त्यांच्या आंदोलनामुळेच पुढे आरेतली 800 एकरांहून जास्त जमीन वन म्हणून राखण्याचा निर्णय झाला. पण पडलेली झाडं उभी राहिली नाहीत.

उलट उदाहरण तुमच्या दारातलं आहे. द्रुतगती महामार्गावर घाटकोपर–विक्रोळीच्या पट्ट्यात वसंतात गुलाबी बहर येणारी झाडांची रांग तुम्ही रोज पाहत असाल. उन्नत मार्गासाठी त्यांच्यावर गदा येणार होती. 2025 मध्ये लोकांनी वेळेत आवाज उठवला आणि एमएमआरडीएने, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, रचनेत बदल करून ती वाचवायचं ठरवलं. प्रकल्प थांबला नाही, पण त्याचा आराखडा सरकला. नागरिकांच्या कामाचं यश बहुतेक वेळा असंच, आराखडा थोडा सरकण्याचं असतं. त्याला कमी लेखू नका. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. वर्षानुवर्षं त्यांना सांगितलं गेलं की 60 मीटर पुरेसं आहे. त्यांनी वारा, भरती, होडीची वळण्याची जागा हे सगळं मांडलं, कामही अडवून धरलं, आणि 2022 च्या अखेरीस सरकारने 120 मीटर मान्य केलं. कोळ्यांनी जास्त मागितलं होतं, पूर्ण मिळालं नाही. पण समुद्र कोणाला कळतो हे त्या निमित्ताने नोंदीत आलं. त्यातल्या कोणाला इंग्रजी भाषणं करावी लागली नाहीत.

आता तुमचं कन्नमवार नगर. पहिल्या वर्षी एकच विषय धरा आणि तो कचरा असावा असं मला वाटतं, कारण त्यात उद्या सकाळी करण्यासारखं काही आहे आणि त्याचा सरळ संबंध तुमच्या खिडकीशी आहे. 20 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हे बंधन महापालिकेने 2017 मध्ये घातलं. तुमची जुनी म्हाडाची चार मजली इमारत त्यात बसणार नाही, पण नवे टॉवर बसतील. त्यामुळे आत्ता चाळीस घरांत जे बसवाल तेच उद्या दोनशे घरांत चालवायला माणसं तयार असतील.

सुरुवात कमिटीच्या बैठकीने करू नका. तिथे पार्किंगवरून भांडण होईल आणि कचरा राहून जाईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून करा, किंवा श्रावणातल्या कुठल्याही निमित्ताने. वाण म्हणून प्लॅस्टिकची वस्तू देण्याऐवजी झाकणाचा छोटा डबा द्या आणि त्याच वेळी, तुम्ही आधी घरी ओल्या कचऱ्यातून करून पाहिलेलं खत दाखवा. एका मजल्यावरच्या आठ-दहा घरांनी दोन महिने नीट केलं की इतर मजले आपण होऊन विचारायला येतात. गच्चीवर किंवा मागच्या मोकळ्या पट्टीत भोकं असलेले दोन मोठे ड्रम पुरतात. एक भरायचा, दुसरा पिकू द्यायचा. वास आला तर समजा, आत पाणी जास्त झालं आहे. सुकलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा घाला आणि हलवा. कुजणं मंद वाटलं तर आंबट ताक शिंपडा. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडलोटीचा पाला पोत्यांत भरून ठेवा. तो जाळू देऊ नका. आळ्या दिसल्या की बायका घाबरतात आणि प्रयोग तिथेच बंद पडतो. त्या आळ्या कुजवण्याचंच काम करतात, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचं, हे काम फुकट कोणाच्या गळ्यात घालू नका. स्वयंसेवकाचा उत्साह मुलांच्या परीक्षांपर्यंत टिकतो. दर घरामागे महिन्याला थोडे पैसे काढा आणि ड्रम बघणाऱ्या बाईला किंवा झाडूवाल्या काकांना वेगळा मोबदला द्या. स्त्री मुक्ती संघटनेने 1998 पासून मुंबईत कचरावेचक महिलांना संघटित करून 'परिसर विकास' नावाचं काम उभं केलं. त्या महिला खतखड्डे आणि बायोगॅस संयंत्रं चालवायला शिकल्या. मराठी बायकांनी मराठीत उभं केलेलं हे मुंबईतलं हवामानाचं फार भक्कम काम आहे, फक्त त्याला कोणी ते नाव दिलं नव्हतं.

मग लोक म्हणतील, "आम्ही वेगळं करतो, पण गाडीत सगळं एकत्रच पडतं." ही तक्रार खरी असते आणि इथेच घरातलं काम संपून नागरिकाचं काम चालू होतं. गाडीचा नंबर, वेळ, फोटो असं पंधरा दिवस टिपा. 1916 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मग एका पानाचा अर्ज घेऊन भांडुपच्या एस वॉर्डच्या कार्यालयात जा. वरती सहायक आयुक्त, खाली घनकचरा खात्याचा सहायक अभियंता, असा पत्ता लिहा. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं. एकटीने जाऊ नका. चौघी जा आणि त्यातली एक तरी निवृत्त शिक्षिका असू द्या. सफाई कामगारांच्या मुकादमाशी भांडू नका. सकाळी सहा वाजता तुमच्या गल्लीत उभा असणारा तोच एक माणूस आहे. गाड्या कमी आहेत की कामगार कमी आहेत हे तोच तुम्हाला खरं सांगेल.

परिसर व्यवस्थापन समित्या, ज्यांना सगळे एएलएम म्हणतात, त्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ह्याच कचऱ्याच्या प्रश्नातून उभ्या राहिल्या. पुष्कळ कागदावरच उरल्या आहेत. तुमच्या भागात एखादी नोंदलेली असेल तर नवी संस्था काढण्यापेक्षा तिच्यात शिरून तिला जागं करा. वॉर्ड ऑफिसला नवा लेटरहेड पाहण्यापेक्षा ओळखीच्या नावाखाली चाळीस सह्या पाहिलेल्या चालतात.

कांजूरच्या कचराभूमीचा मोठा वाद न्यायालयात आहे. मे 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती जागा संरक्षित वन ठरवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या लढाईत कोणी तुमच्याकडे वासाच्या नोंदी मागितल्या तर तुमच्याकडे त्या असायला हव्यात. तारीख, वेळ, वारा कुठून, किती तास, घरात कोणाला त्रास झाला, डॉक्टरकडे गेलात तर कागद. साधी वही चालेल. सासूबाईंना दम लागत असेल तर तेही लिहा. "नेहमीच वास येतो" ह्या वाक्याला कुठेही किंमत नसते, तारखेला असते.

कचऱ्याचं बस्तान बसेल तोवर तुमच्या इमारतीचा पुनर्विकास दारात आलेला असेल. मला ह्या विषयावर तुमच्याशी सर्वांत जास्त बोलायचं आहे. मुंबईतल्या सामान्य रहिवाशाला हवामानाच्या बाबतीत आयुष्यात एकदाच मोठी ताकद मिळते, ती इमारत पाडायला संमती देण्याआधी. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्याच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 (अ) खालचे निर्देश आहेत. त्यांच्या 2019 च्या सुधारित शासन निर्णयाप्रमाणे किमान 51 टक्के सभासदांची संमती लागते, सभेचं चित्रीकरण होतं, बिल्डर निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असतो. सगळी चर्चा मात्र कार्पेट एरिया, भाडं आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डर देतो तो निधी, ह्यांवर होते. ते स्वाभाविक आहे, घर म्हणजे आयुष्याची कमाई. पण निविदेच्या अटींत आणखी एक पान जोडायला बिल्डरला फारसा खर्च येत नाही. एकदा करारनामा झाला की मग तेच पान कोणी ऐकून घेत नाही.

त्या पानावर काय असावं? आधी झाडं. सल्लागाराने नकाशा काढायच्या आधी प्लॉटमधल्या प्रत्येक झाडाचं स्थान, जात, घेर मोजून घ्या आणि कडेची झाडं राखून नकाशा करा अशी अट घाला. बहुतेक झाडं कुंपणालगतच असतात. नकाशा झाल्यावर मागितलं तर "शक्य नाही" हेच उत्तर येतं. मग गच्ची. सौरपॅनेलला एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि मुंबईत त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात कमी. गच्चीच्या मधोमध टाकी, लिफ्टची खोली आणि वर मोबाइलचा टॉवर बसवला की उरलेल्या जागेवर सावली पडते आणि सौरऊर्जा कायमची जाते. टाकी उत्तरेला सरकवा, छतापासून मीटर रूमपर्यंत केबलची नळी बांधतानाच टाका, एवढं लिहून घ्या. टॉवरला लिफ्ट आणि पंपाचं कॉमन बिल फार येतं. त्यातला चांगला हिस्सा सौरऊर्जेवर निघू शकतो. केंद्राच्या छतावरच्या सौरऊर्जेसाठीच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे. म्हणजे मेंटेनन्स कमी करायचा हा मार्ग आहे, आणि सभेत तो ह्याच शब्दांत मांडा. 72 टक्के उत्सर्जन ऊर्जेचं आहे हे वाक्य नंतर सांगितलं तरी चालेल.

पावसाच्या पाण्याबद्दल एक खास सूचना. तुमचा भाग खाडीलगतचा आहे. अशा जागी भूजल वर असतं, बऱ्याचदा खारं असतं. तिथे शोषखड्डा कागदावर दाखवला जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात तो नुसता भरून राहतो. टाकी मागा. गच्चीवरचं पाणी साठवून संडासाच्या फ्लशला आणि झाडांना वापरता येतं. शिवाय आवाराचा काही भाग माती म्हणूनच राहू द्या, सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक नकोत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेवढा कुठल्याच गटाराला पेलणार नाही. पण रोजच्या जोरदार सरींत प्रत्येक आवाराने थोडं पाणी धरून ठेवलं तर रस्त्यावरचं गुडघाभर पाणी घोट्यापर्यंत उतरतं.

शेजारच्या बांधकामांच्या धुळीसाठी ऑक्टोबर 2023 पासून महापालिकेचे नियम आहेत. भूखंड आणि इमारतीच्या आकाराप्रमाणे 25 किंवा 35 फुटी पत्रे, हिरवं कापड किंवा ज्यूटचं आवरण, राडारोड्यावर पाणी मारणं, झाकलेले ट्रक, बाहेर पडताना चाकं धुणं. पत्र्याची उंची खालून फोटो काढला तरी कळते. तक्रारीत "खूप धूळ" असं लिहू नका, कोणता नियम मोडला तो लिहा.

आता झाडावरच्या नोटिशीकडे येतो. महाराष्ट्रात 1975 पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे. झाड तोडायला परवानगी लागते आणि त्याआधी झाडावर नोटीस लावून, वर्तमानपत्रात देऊन हरकती मागवाव्या लागतात. मुदत अगदी थोड्या दिवसांची असते, ती नोटिशीवरच असते. पाऊस-वाऱ्याने ती गळून पडते किंवा अशा जागी लावतात की दिसत नाही. म्हणून प्रत्येक गल्लीत एक जण ठरवून ठेवा, सकाळी फिरायला जाणारे आजोबा उत्तम, जे नोटीस दिसली की फोटो काढून गटावर टाकतील. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट घातली. कन्नमवार नगर साठच्या दशकातलं. वसाहतीबरोबर लावलेली झाडं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा तोच: ह्या झाडाचं वय कसं मोजलं, कोणी मोजलं? दुसरा: भरपाईची झाडं नेमकी कुठे लावणार, त्या जागेचा नकाशा द्या. तिसरा: इमारत चार फूट सरकवली तर हे झाड वाचतं का, ह्याचा विचार झाला का? हरकत मराठीत, हाताने लिहिलेली चालते. एकाच मजकुराच्या शंभर छापील प्रतींपेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा हरकतींचा विचार अधिक होतो. शहराच्या विकास आराखड्याचा 2015 चा मसुदा हजारो हरकतींनंतर सरकारला मागे घेऊन नव्याने करावा लागला, हे विसरू नका. आराखड्यातल्या फेरबदलांच्या नोटिसा अजूनही निघतात, मैदान किंवा मोकळ्या भूखंडाचं आरक्षण बदलण्याच्याही. त्यांना साधारण महिन्याची मुदत असते.

खाडीकडे कधी गेला आहात का? तुमच्या घरामागे थोड्या अंतरावर ठाणे खाडीची खारफुटी आहे. खाडीचा मोठा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. हे तिवर भरतीचं पाणी अडवतात, गाळ धरतात आणि चिखलात प्रचंड कार्बन साठवतात. उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात खारफुटी तोडायला मनाई केली आणि भोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. फक्त सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी, न्यायालयाच्या परवानगीनेच ती तोडता येते. प्रत्यक्षात ती सहसा करवतीने मरत नाही, भरणीने मरते. रात्री डंपर राडारोडा टाकतात, भरतीचं पाणी आत येणं बंद होतं, झाडं वाळतात आणि दोन वर्षांनी तिथे पत्र्याची शेड दिसते. पुनर्विकास वाढला की राडारोडा वाढणारच, म्हणून तुमच्या स्वतःच्या इमारतीचा मलबा कुठे जाणार हेही करारात लिहून घ्या.

एका खाडीकाठच्या वस्तीतल्या बायकांनी नळाच्या पाण्यासाठी पहाटे उठावंच लागत असल्याने, त्या वेळी डंपरचे नंबर लिहायला सुरुवात केली. त्या कोणाला अडवायला गेल्या नाहीत. नंबर, वेळ, आणि दर आठवड्याला त्याच जागेवरून घेतलेला फोटो, एवढंच. खारफुटी सांभाळणारा वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि तहसीलदारांकडे ती वही गेली तेव्हा पंचनामा करावाच लागला. तुम्हीही डंपरसमोर रात्री उभ्या राहू नका. त्या धंद्यात पैसा आहे आणि माणसं धोकादायक आहेत. तक्रार नेहमी संस्थेच्या किंवा समितीच्या नावाने, अनेक सह्यांनी करा, कोणा एकीचं नाव ठळक होऊ देऊ नका.

आणि रेल्वेच्या पलीकडे बघा. 18 जुलै 2021 च्या पहाटे विक्रोळी पश्चिमेच्या सूर्यनगरात दरड कोसळली. त्याच रात्री चेंबूरला भारतनगरात भिंत पडली. दोन्हीकडे मिळून तीसच्या आसपास माणसं गेली. हवामान बदल मुंबईत सर्वांआधी टेकडीच्या उतारावर, नाल्याच्या काठावर आणि पत्र्याच्या छपराखाली पोचतो. किनारपट्टीवर पारा 37 अंशांवर गेला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो, पण दमटपणामुळे पत्र्याखाली त्याच्या आधीच जीव जातो की काय असं होतं. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी कदाचित त्याच उतारावर राहत असतील. आपल्या सोसायटीत सौरपॅनेल लागली आणि त्यांच्या घरामागची संरक्षक भिंत तशीच राहिली, तर हे काम अर्धं झालं असं मी मानतो. दर पावसाळ्याआधी धोकादायक ठिकाणांना नोटिसा लागतात, पण जायचं कुठे हे त्यावर नसतं. भिंत कधी बांधणार, संक्रमण घरं कुठे, पाऊस वाढला तर रात्री शाळा उघडणार कोण, हे प्रश्न वस्तीतली माणसं विचारतातच. त्यांच्या अर्जावर कन्नमवार नगरातल्या सोसायट्यांच्या सह्या असल्या तर उत्तर लवकर येतं. हे अन्याय्य आहे, पण तसंच आहे, म्हणून ती सही द्या. त्यांची सभा त्यांना घेऊ द्या, तुम्ही मागे बसा. पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग लावला तर आतला उकाडा काही अंशांनी कमी होतो. एखाद्या गणपती मंडळाने डेकोरेशनचा खर्च कमी करून वीस घरांचे पत्रे रंगवले तर मला फार आनंद होईल.

न्यायालयाबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. जनहित याचिका शेवटचं पाऊल समजा. वकील, पैसे, वर्षं लागतात, आणि याचिका हरली तर समोरच्याच्या हातात निकाल जातो. जिथे याचिका टिकतात तिथे मागे शिक्के मारलेल्या अर्जांची जाड फाइल असते.

नालेसफाईवर लक्ष ठेवायला एप्रिल-मे हे दोन महिने पुरतात. गाळ काढल्याचे फोटो कंत्राटदार देतोच, तुम्हीही त्याच ठिकाणचे काढा. मिठी नदीच्या गाळउपशातल्या कथित घोटाळ्यात 2025 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला, त्यामुळे अशा फोटोंची किंमत आता सगळ्यांना कळली आहे. बसबद्दलही तसंच. तुमच्या मार्गावरची बेस्टची फेरी बंद झाली तर प्रवाशांच्या सह्या गोळा करून आगारात द्या. एक फेरी टिकणं हे कित्येक रिक्षा आणि गाड्या रस्त्यावर न येणं आहे.

एकटीने होतं का? सुरुवात एकटीने होते, पुढे पाच जणी लागतात. एक लिहिणारी, एक फोटो ठेवणारी, एक ऑफिसात बोलू शकणारी, एक शेजारणींना जमवणारी, आणि एक जी दर महिन्याला विचारते, "त्या अर्जाचं काय झालं?" ही शेवटची सापडली की बाकीच्यांचं काम चालू राहतं. तुमच्याकडे आठवड्याचे दोन तास असतील तर पुरेत. मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेचं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, तेव्हा अशा गटांनीच वॉर्ड ऑफिसात विचारणा चालू ठेवली.

ह्याच आठवड्यात करण्यासारखं काम देऊन थांबतो. महापालिका 2024 पासून हवामान अर्थसंकल्पाचा, म्हणजे अर्थसंकल्पातल्या हवामानाशी निगडित कामांचा, अहवाल काढते. तुमच्या वॉर्डात त्यातलं काय आलं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, किंवा ऑनलाइन भरा. मजकूर एवढाच पुरे:

"एस विभागाच्या हद्दीत चालू आर्थिक वर्षात हवामान अर्थसंकल्पांतर्गत मंजूर झालेल्या कामांची यादी, प्रत्येक कामाचं ठिकाण, मंजूर रक्कम, आजपर्यंत खर्च झालेली रक्कम, कार्यादेशाची तारीख आणि जबाबदार अभियंत्याचं पदनाम मिळावं. यादीतल्या कामांच्या कार्यादेशांच्या प्रती मिळाव्यात."

"का", "कधी", "योग्य आहे का" असं त्यात काही विचारू नका. कायद्याने नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत. तीस दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, त्याला वकील लागत नाही. यादी हातात आली की त्यातलं तुमच्या घराजवळचं एक काम निवडा आणि पाचही जणी जाऊन ते जागेवर आहे का बघून या.